समास नेमका कोठून मोजायचा?

शाळेच्या प्रश्नपत्रिकेची अक्षरजुळणी आपण संगणकावर, लाटेक या प्रणालीत करत आहोत असे समजू. ए-४ कागदाची रुंदी २१ सेंमी. डावीकडे ३ सेंमी व उजवीकडे २ सेंमी समास हवा. म्हणजे ओळीची लांबी २१ – ३ – २ = १६ सेंमी. म्हणून ‘ऑडसाइडमार्जिन’ला ३ सेंमी आणि ‘टेक्स्टविड्थ’ला १६ सेंमी अशी मूल्ये दिली. छापून पाहावे, तर ओळींच्या शेवटची अक्षरे कागदाबाहेर! गणिताच्या प्रश्नातील शेवटचा एक अंक कापला गेला, तरी प्रश्नच बदलतो. असे का व्हावे?

वजाबाकी बरोबर आहे. घोटाळा आरंभबिंदूचा आहे. लाटेकचा पाया असलेली टेक ही प्रणाली डोनाल्ड कनूथ यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस तयार केली. तिचा आरंभबिंदू कागदाच्या कोपऱ्यात नसतो. तो डाव्या आणि वरच्या कडेपासून १ इंच, म्हणजे २.५४ सेंमी आत असतो. त्यामुळे आपला समास ३ + २.५४ = ५.५४ सेंमी झाला. त्यात १६ मिळवले की २१.५४ सेंमी होतात, म्हणजे कागदापेक्षा ०.५४ सेंमी जास्त. द्यायला हवे होते ३ – २.५४ = ०.४६ सेंमी. १.५ सेंमी समास हवा असेल तर उत्तर –१.०४ येईल. ही ऋण संख्या तशीच द्यावी. निर्देशक भूमितीत आरंभबिंदू सरकला की निर्देशक बदलतात, तेच येथे घडते.

वरच्या बाजूला आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. ‘टॉपमार्जिन’ शून्य केले तरी मजकूर १ इंचाहून खालीच सुरू होतो. कारण पानाच्या माथ्यावरील शीर्षओळीसाठी जागा राखलेली असते, मग ती ओळ रिकामी का असेना.

आकडे बरोबर असूनही समास चुकला, तर दोन शक्यता उरतात. पहिली कागदाची. लाटेकच्या नेहमीच्या साच्यांना आपण ए-४ सांगितले नाही, तर ते अमेरिकेतील ‘लेटर’ कागद गृहीत धरतात. त्याचे माप २१.५९ × २७.९४ सेंमी, तर ए-४चे २१ × २९.७ सेंमी. दुसरी शक्यता छपाईची. ‘पानात बसवा’ असा पर्याय निवडलेला असेल, तर छापताना सारे पानच लहानमोठे होते.

याची परीक्षा सोपी आहे. पानात १० सेंमी लांबीची रेघ काढावी, पान छापावे आणि रेघ पट्टीने मोजावी. ती ९.७ सेंमी भरली, तर दोष छपाईत आहे. तेथे १०० टक्के हा पर्याय निवडावा. बरोबर १० भरली, तरच लाटेकमधील आकडे तपासायला घ्यावेत. एका वेळी एकच आकडा बदलून पुन्हा मोजावे. एकदम चार बदलले, तर कशाने काय झाले ते कळत नाही.

‘जॉमेट्री’ हे पॅकेज जोडले, तर समास थेट कागदाच्या कडेपासून सांगता येतो आणि २.५४ची वजाबाकी तेच करते. मात्र रेघ मोजण्याचे काम तेव्हाही आपल्यालाच करावे लागते.