नाण्याचा रंग आणि गिऱ्हाइकाचा रंग

दाम मोजला की माल हाती येतो, हा बाजाराचा साधा नियम आपण गृहीत धरून चालतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतील कृष्णवर्णीयांना मात्र कित्येक पिढ्या तो पुरता लागू नव्हता. त्यांचा पैसा दुकानदारास चाले. त्यांचा स्पर्श चालत नसे. अनेक दुकानांत टोपी डोक्यावर किंवा जोडा पायात घालून पाहण्याची त्यांस मुभा नव्हती. म्हणून आया मुलांचे पाऊल कागदावर ठेवून भोवती रेघ ओढीत व तो कागद घेऊन दुकानात जात. हे आम्ही वर्गात सांगितले, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "आणि जोडा चावला तर?" सीअर्स कंपनीचे जाडजूड सूचिपत्र अशा घरांना सोयीचे वाटे, ते याचमुळे. टपालाने माल मागविताना चेहरा दाखवावा लागत नसे.

१ फेब्रुवारी १९६० रोजी उत्तर कॅरोलिनातील ग्रीन्सबरो शहरी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात गेले. एका बाजूस त्यांनी टूथपेस्टसारख्या किरकोळ वस्तू घेतल्या. पैसे स्वीकारले गेले, पावतीही मिळाली. मग त्याच दुकानातील उपाहाराच्या काउंटरपाशी बसून त्यांनी कॉफी मागितली, तेव्हा नकार मिळाला. दुकान बंद होईपर्यंत ते शांतपणे बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले. आठवडा संपेपर्यंत शेकडो जमले. अखेर २५ जुलै रोजी दुकानाने हार मानली. त्या दिवशी तेथे प्रथम जेवावयास बसले, ते त्याच दुकानात राबणारे कृष्णवर्णीय नोकर!

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेले, उपाहारगृहे, नाट्यगृहे खुली केली. परंतु त्या कलमाच्या यादीत साधी दुकाने नाहीत. कापडाच्या दुकानात अपमान झालेल्यास आजही बहुधा करार करण्याचा समान हक्क देणाऱ्या १८६६ सालच्या कायद्याकडे वळावे लागते. आपल्या राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदात 'दुकाने' हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. तो का लिहावा लागला, हे आपल्या समाजास सांगावयास नको.

उघड मज्जाव गेला, तरी भेद उरला. कायद्याचे प्राध्यापक इयन एअर्स यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीसाठी शिकागो परिसरातील मोटारींच्या दुकानांत गोरी व कृष्णवर्णीय गिऱ्हाइके पाठविली होती. घासाघीस कशी करावयाची, हे सर्वांना सारखेच पढविलेले. तरी गोऱ्या पुरुषांना सर्वांत कमी किंमत सांगण्यात आली, कृष्णवर्णीयांना पुष्कळ अधिक. आम्हांस हा प्रकार पहिल्याहून अवघड वाटतो. कॉफी नाकारली तर ती नाकारल्याचे निदान दिसते. मोटारीच्या दुकानात एकट्याने गेलेल्या गिऱ्हाइकास दुसऱ्याला सांगितलेली किंमत कळण्याचा मार्गच नसतो.