परदेशी कापड टूरचा शेवटचा दिवस: माल बॅगेत भरू नका



बँकॉकच्या प्रतुनाम मार्केटला ग्रुपने गेलेल्यांचा शेवटचा दिवस बहुतेक बॅगा भरण्यातच जातो. माल सगळ्यांत वाटायचा आणि विचारलं तर "घरच्यांसाठी घेतलंय" म्हणायचं. हे करू नका.

ड्युटी-फ्री सवलत फक्त वैयक्तिक सामानाला आहे. एकाच डिझाइनचे, सगळ्या साइजचे टॉप निघाले की अधिकाऱ्याला कळतंच, हा दुकानाचा माल. जप्ती होऊ शकते, वर दंड. आणि समजा सुटलात, तरी मेहकरला आल्यावर त्या मालाचं कागद कुठाय? खरेदी दाखवणार कशी?

मग त्या दिवशी करायचं काय? प्रत्येक होलसेलरकडून तुमच्या फर्मच्या नावाने इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट घ्या. होजिअरी की वोव्हन, कॉटन की पॉलिएस्टर, हे त्यावर लिहून घ्याच, कारण ड्युटीचा कोड त्यावरून ठरतो. पेमेंट बँकेतून. माल कार्गोने न्हावाशेवाला पाठवा, तिथे कस्टम ब्रोकर बिल ऑफ एंट्री भरतो. त्यात भरलेल्या आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं. कस्टम ड्युटीचं मिळत नाही, ती भावात धरा. कंपोझिशनमध्ये असाल तर आयजीएसटीचंही नाही!

यासाठी आयईसी लागतो. डीजीएफटीच्या साइटवर पॅनवरून निघतो, फी 500 रुपये. तो घरूनच काढून निघा.

पंधरा-वीस हजारांच्या मालाला एवढा खर्च परवडत नाही. तेवढ्यासाठी आपली सुरतच बरी.