निघायचं मुंबईला, बाण दाखवतो नाशिक! कोडमधला 'एटॅन' असा का फसवतो?

शहापूर तालुक्यातलं भातसानगर म्हणजे भातसा धरणाचं गाव. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांमधला जवळपास निम्मा साठा एकट्या भातसात असतो. आता समजा, भातसानगरहून मुंबई कोणत्या दिशेला आहे हे सांगणारा छोटा प्रोग्रॅम कुणी पायथनमध्ये लिहिला. उत्तर आलं, ईशान्य. म्हणजे इगतपुरी-नाशिककडे! गणित बरोबर, मग दिशा उलटी कशी?

व्यस्त त्रिकोणमितीय फलन म्हणजे काय?

दहावीत 'उन्नत कोन' शिकवतात. कोन दिला की टॅनवरून उंची आणि अंतराचं गुणोत्तर मिळतं. व्यस्त फलन याच्या उलट काम करतं. गुणोत्तर दिलं की कोन मिळतो. समजा, धरणाची भिंत ६० मीटर उंच दिसते आणि पाहणारा १०० मीटर दूर उभा आहे. गुणोत्तर ०.६. पायथनच्या 'मॅथ' मॉड्यूलमधल्या 'एटॅन'ला ते दिलं की उत्तर येतं सुमारे ०.५४.

अर्धा अंश? मुळीच नाही

हे उत्तर रेडियनमध्ये असतं. एक पूर्ण फेरी म्हणजे ३६० अंश किंवा सुमारे ६.२८ रेडियन. म्हणून ०.५४ ला १८० ने गुणून पायने भागायचं, किंवा 'डिग्रीज' हे फंक्शन वापरायचं. खरा कोन निघतो सुमारे ३१ अंश.

मग दिशा का चुकली?

मुंबई भातसानगरच्या नैर्ऋत्येला आहे. सोपं जावं म्हणून ५० किलोमीटर पश्चिमेला आणि ५० दक्षिणेला धरू. पूर्व आणि उत्तर अधिक मानली, तर दोन्ही आकडे उणे होतात. पण उणे ५० ला उणे ५० ने भागलं की उरतो अधिक १. दोन्ही उणे चिन्हं भागाकारातच गेली! 'एटॅन'ला फक्त १ दिसतो आणि तो ४५ अंश, म्हणजे ईशान्य सांगतो.

यावर उपाय 'एटॅन२'. त्याला भागाकार न करता दोन्ही आकडे वेगवेगळे द्यायचे, आधी उत्तर-दक्षिण, मग पूर्व-पश्चिम. चिन्हं शाबूत राहतात आणि उत्तर येतं उणे १३५ अंश. पूर्वेकडून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने तेवढं फिरलं की नैर्ऋत्य. एक्सेलमध्ये मात्र हा क्रम नेमका उलटा असतो, पूर्व-पश्चिम आधी.

आणखी एक खड्डा

'एसाइन' आणि 'एकॉस' यांना उणे १ ते १ याच मर्यादेतला आकडा चालतो. संगणकाच्या दशांशात बारीक चूक राहते आणि १ ऐवजी १.०००००००००००००००२ येऊ शकतं. मग पायथन थेट एरर देतं. जावास्क्रिप्ट एरर न देता 'नॅन', म्हणजे 'हा आकडाच नाही', असं उत्तर पुढे ढकलतं. म्हणून आकडा आधी मर्यादेत आणायचा.

सर्वात सोपी तपासणी कागदावरची. उत्तर माहीत असलेल्या चार दिशा प्रोग्रॅमला आधी विचारायच्या. चारही बरोबर आल्या, तरच बाणावर विश्वास ठेवायचा.