420 आणि 28: एकाच गाडीचे दोन निकाल

2019 च्या मोटोजीपी हंगामात होंडाच्या कारखाना संघात दोन रायडर होते. मार्क मार्केझ आणि होर्हे लोरेंझो, दोघेही स्पेनचे, दोघेही जगज्जेते. लोरेंझोच्या नावावर वरच्या वर्गातली तीन विजेतेपदं होती, त्यांतलं एक तर मार्केझच्या नाकावर टिच्चून जिंकलेलं. हंगाम संपला तेव्हा मार्केझकडे 12 विजय आणि 420 गुण होते. लोरेंझोकडे 28. सर्वांत चांगला निकाल अकरावा क्रमांक, आणि शेवटच्या शर्यतीच्या तोंडावर निवृत्तीची घोषणा.

दुखापती होत्या, चार शर्यती त्यामुळे हुकल्याही. पण ज्या शर्यती तो पळाला त्यांतही तो मागच्या घोळक्यातच राहिला. गाडी तीच, टायर तेच, मेकॅनिकही त्याच कंपनीचे. मग तीन वेळचा जगज्जेता गाडी चालवायला विसरला का?

माणूस म्हणजे यंत्राचा तिसरा हिस्सा

फॉर्म्युला वनचा चालक पट्ट्यांनी जखडलेला असतो. मोटरसायकलवर तसं नाही. मोटोजीपीच्या गाडीचं किमान वजन 157 किलो. तिच्यावर चामडी सूट आणि हेल्मेटसह बसलेला माणूस सत्तर-ऐंशी किलोच्या घरात. म्हणजे पळणाऱ्या एकूण वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा सतत जागा बदलत असतो: ब्रेक दाबताना मागे, वळणात आतल्या बाजूला लोंबकळत, बाहेर पडताना पुढे. इटलीतल्या मुजेल्लो ट्रॅकच्या सरळ पट्ट्याच्या टोकाला गाड्या ताशी 350 किलोमीटरच्या आसपास असतात, आणि पहिल्या वळणासाठी तो वेग काही सेकंदांत शंभराच्या आसपास आणावा लागतो. तेव्हा अंग कुठे टेकलंय, मनगटावर किती भार आलाय, यावर पुढच्या चाकावरचं वजन ठरतं, आणि त्यावर गाडी वळणार की सरळ खडीत जाणार, हे.

आपण मित्राची गाडी घेतो आणि पहिल्याच चौकात क्लच कुठे सुटतो ते कळेपर्यंत दोन झटके खातो. अर्ध्या तासात हात बसतो. इथे फरक एवढाच, की हात बसणं म्हणजे ताशी 300 किलोमीटरवर पंधरा-वीस वर्षांची सवय मोडणं.

वळणाचे दोन आकार

पॅडॉकमधली मंडळी वळणातल्या रेषेबद्दल बोलताना दोन इंग्रजी अक्षरं वापरतात, यू आणि व्ही. यू म्हणजे लांबट, गोल कमान: ब्रेक थोडा लवकर, मग गाडी आडवी करून वळणभर वेग टिकवायचा. व्ही म्हणजे वळणाच्या तोंडापर्यंत ब्रेक ओढत न्यायचा, गाडी एका जागी झटक्यात फिरवायची, उभी करायची आणि ॲक्सिलरेटर पिळायचा.

पहिल्यात टायरच्या कडेवर बराच वेळ काढावा लागतो, दुसऱ्यात अगदी थोडा. म्हणून ज्या गाडीची ताकद जोरात बाहेर पडण्यात आहे, ती व्ही मागते. जी गाडी आडवी असताना रुळावर असल्यासारखी पळते, ती यू मागते. मात्र घोळक्यात यू रेषेची पंचाईत होते. समोर व्हीवाला आडवा आला की कमान मोडते, आणि मग सरळ रस्त्यावर भरून काढायला ताकद नसते. यामाहाचे रायडर ही तक्रार वर्षानुवर्षं करत आले होते.

इंजिनाची मांडणी

2002 ते 2025 यामाहाने चारही सिलिंडर एका ओळीत मांडलेलं इंजिन वापरलं. डुकाटी आणि होंडा व्ही मांडणीच्या. ढोबळमानाने, ओळीतल्या इंजिनाची गाडी वळणात शांत आणि गुळगुळीत, तर व्ही-फोर, म्हणजे चार सिलिंडर व्हीच्या आकारात मांडलेली, अरुंद आणि जास्त ताकद देणारी. पण इंजिनावरून गाडीचा स्वभाव पुरता सांगता येत नाही. सिलिंडर कोणत्या क्रमाने आणि किती अंतराने पेटतात, यालाही तेवढंच महत्त्व आहे.

व्हॅलेंटिनो रॉसी 2004 साली होंडा सोडून यामाहाकडे आला, तेव्हा यामाहाचे अभियंते मासाओ फुरुसावा यांनी त्याच्यापुढे वेगवेगळ्या रचनांची इंजिनं ठेवली. त्याने क्रॉसप्लेन क्रँकचं, विषम अंतराने पेटणारं इंजिन निवडलं. अशा इंजिनात मागचा टायर किती पकड धरून आहे ते रायडरच्या मनगटाला स्पष्ट कळतं. दक्षिण आफ्रिकेत वेल्कमला हंगामाची पहिलीच शर्यत त्याने जिंकली आणि त्या वर्षीचं विजेतेपदही. रॉसीला यामाहा ‘सूट झाली’ असं आपण म्हणतो, पण तिचं काळीजच त्याच्या पसंतीने बसवलेलं होतं.

हाच रॉसी 2011 मध्ये डुकाटीवर गेला, सोबत त्याचे जुने मुख्य मेकॅनिक जेरेमी बर्जेसही. दोन हंगामांत एकही विजय नाही, फक्त तीनदा पोडियम. रॉसीची सगळी भिस्त पुढच्या चाकाकडून येणाऱ्या संवेदनेवर, आणि त्या डुकाटीचं पुढचं चाक मुकं होतं. कार्बन फायबरच्या चौकटीऐवजी ॲल्युमिनियमची आणून पाहिली, तरी ते बोलेना.

लोरेंझोची टाकी

या विषयातली माझी सर्वांत आवडती गोष्ट पेट्रोलच्या टाकीची आहे. लोरेंझो यूवाल्यांचा महामेरू. त्याच्या शैलीला स्पॅनिशमध्ये ‘लोणी’ हा शब्द चिकटला होता, आणि तो शोभायचाही: झटका नाही, ओढाताण नाही, प्रत्येक फेरीत तीच रेषा. यामाहावर 2010, 2012 आणि 2015 ची विजेतेपदं त्याने अशीच जिंकली.

2017 मध्ये तो डुकाटीवर आला. त्या वर्षी त्याचा सहकारी आंद्रेया दोविझिओसो याने त्याच कंपनीच्या गाडीवर सहा शर्यती जिंकल्या, लोरेंझोने एकही नाही. डुकाटीला ब्रेक उशिरा आणि जोरात लागतो. दर वळणाला शरीर पुढे फेकलं जातं, ते हातांनी तोलायचं. लोरेंझोचे हात शर्यतीच्या उत्तरार्धात थकायचे, आणि हात थकले की लोण्याचं पाणी व्हायचं. तो सांगत होता, टाकीचा आकार बदला, म्हणजे मांड्या आणि अंग तिच्यावर टेकवून भार पेलता येईल. ऐकायला ही किरकोळ मागणी. सीटचं कव्हर बदलून द्या म्हटल्यासारखी.

नवी टाकी 2018 च्या मुजेल्लो शर्यतीला आली. 3 जूनला लोरेंझो तिथे जिंकला, मग बार्सिलोनाला, मग ऑस्ट्रियात. पण मुजेल्लोनंतर तीनच दिवसांनी तो पुढच्या वर्षी होंडाकडे जाणार हे जाहीर झालं. डुकाटीचा धीर आणि त्याचा धीर, दोन्ही टाकी येण्याआधीच संपले होते. दीड वर्ष अडलेलं काम आकार बदललेल्या एका डब्याने झालं, आणि तोवर उशीर झाला होता. होंडात त्याने पुन्हा तेच केलं. जपानला जाऊन बसण्याची जागा आणि टाकी आपल्या अंगाला जुळवून घेण्याचा प्रयत्न केला. तिथे मात्र दुखणं टाकीपुरतं नव्हतं.

अंगाला गाडी जुळवण्याचं जुनं उदाहरण मिक डूहनचं. 1992 मध्ये आसेनला त्याचा उजवा पाय इतका वाईट मोडला, की मागच्या ब्रेकचं पायडल दाबणं अवघड झालं. मग डाव्या अंगठ्याने दाबायचा मागचा ब्रेक त्याच्यासाठी बसवला गेला. त्यानंतर 1994 ते 1998 सलग पाच विजेतेपदं. आज तसला अंगठ्याचा ब्रेक पाय धडधाकट असलेले रायडरही हौसेने बसवून घेतात, कारण गाडी उजवीकडे पार आडवी असताना पायाला पायडलपर्यंत जागाच उरत नाही.

एकाच्या मापाचा सदरा

रायडर गाडीशी जुळतो, पण गाडीही जिंकणाऱ्या रायडरच्या दिशेने सरकत जाते. तो पहिला येतो, त्याचे शब्द अभियंते ऐकतात, पुढच्या वर्षीची गाडी त्याच्या सवयींनुसार घडते. चार-पाच वर्षांत सदरा एकाच्याच मापाचा होतो.

केसी स्टोनरचं डुकाटीवर तसंच झालं. ऑस्ट्रेलियात तो लहानपणी मातीच्या ट्रॅकवर वाढला. मागचं चाक घसरवत गाडी वळवणं त्याला चालण्याइतकं सहज. पुढचं चाक वळत नसेल तर तो मागचं सरकवायचा. 2007 मध्ये त्याने 10 शर्यती जिंकल्या आणि विजेतेपद मिळवलं. पुढच्या वर्षी त्याच्या शेजारी मार्को मेलांद्री आला. आदल्या वर्षांत होंडावर शर्यती जिंकलेला माणूस, डुकाटीवर हंगामात सतरावा. स्टोनर दुसरा. रॉसी नंतर अडकला तो त्याच परंपरेच्या गाडीत. स्टोनरने मात्र 2011 मध्ये होंडा घेतली आणि पुन्हा 10 विजयांसह विजेतेपद नेलं, तेव्हा गाडीला श्रेय देणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

मार्केझची होंडा याच जातीची होती. तो पुढचा टायर घसरेपर्यंत ब्रेक दाबायचा आणि घसरला की कोपर नि गुडघा जमिनीवर रोवून गाडी वर आणायचा. इतरांसाठी तो अपघात असतो, याच्यासाठी नेहमीचं तंत्र. 2020 मध्ये हेरेसला त्याचा हात मोडला, हंगाम गेला, आणि त्या वर्षी होंडाला एकही शर्यत जिंकता आली नाही. 28 गुणांचं कोडं तिथे उलगडतं. लोरेंझोला दिली होती ती मार्केझची गाडी.

सगळ्यांना होणारी डुकाटी

मग अलीकडच्या वर्षांत डुकाटीवर कोणीही जिंकू लागला ते कसं? 2024 मध्ये 20 पैकी 19 शर्यती डुकाटीच्या झाल्या. 2013 च्या अखेरीस अभियंते जिजी दालिन्या तिथे आले आणि त्यांनी गाडी जास्त जणांच्या हातात दिली. 2022 पासून तीन हंगाम एकूण आठ डुकाट्या धावत होत्या. आठ जणांची माहिती एकाच ठिकाणी जमा व्हायची. एक म्हणाला वळत नाही तर ती त्याची आवड, सहा जण म्हणाले तर तो दोष. त्यातलाच एक मार्को बेझेक्की 2023 मध्ये नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली मोटोजीपी जिंकून गेला. 2025 मध्ये तो एप्रिलियावर गेला आणि सिल्व्हरस्टोनला त्या गाडीवरही जिंकला.

मार्केझ 2024 मध्ये ग्रेसिनी संघात आदल्या वर्षीच्या डुकाटीवर आला. अरागॉनला तो जिंकला तेव्हा त्याच्या आधीच्या विजयाला 1,043 दिवस झाले होते. 2025 च्या सप्टेंबरमध्ये मोतेगीला, कारखाना संघाच्या डुकाटीवर, तो पुन्हा जगज्जेता झाला. आणि त्याच संघात, 2022 आणि 2023 चं विजेतेपद डुकाटीवर मिळवलेला पेको बन्याया त्या वर्षी पुढच्या चाकावर विश्वास बसत नाही असं सांगत चाचपडत होता. त्यामुळे ‘सगळ्यांना होणारी’ हे विशेषण मी जरा जपूनच वापरतो.

चाकणहून दिसणारी शर्यत

मराठी वाचकाला यातली एक कंपनी परकी नाही. पुण्याच्या बजाज ऑटोने 2007 मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएमचा हिस्सा घ्यायला सुरुवात केली. केटीएमची ड्यूक चाकणला बनू लागली. केटीएम दिवाळखोरीच्या कडेला गेल्यावर तिला सावरायलाही बजाजच उभी राहिली. मोटोजीपीत केटीएमची गाडी बराच काळ स्टीलच्या चौकटीवर धावली, बाकी सगळे ॲल्युमिनियमवर असताना. 2020 मध्ये ब्रनोला ब्रॅड बाइंडरने तिला पहिला विजय दिला. ब्रेकवर तुटून पडणारा, मागचं चाक हवेत घेऊन वळणात शिरणारा हा माणूस. 2023 मध्ये मुजेल्लोला ताशी 366.1 किलोमीटरचा वेग नोंदवणाराही तोच. चाकणच्या रस्त्यावर ड्यूक घेऊन निघालेली पोरं नेमकी त्याच्यासारखीच ब्रेक मारायला बघतात. त्यांना शक्यतो कोणीतरी लोरेंझोची चित्रफीत दाखवावी.

यामाहाची पाटी कोरी

2026 साठी यामाहाने ओळीतलं इंजिन सोडून व्ही-फोर घेतलं. रॉसी, लोरेंझो आणि 2021 मध्ये फाबिओ क्वार्तारारो यांनी ज्या गोल रेषेवर विजेतेपदं मिळवली, तिच्यासाठी घडवलेली गाडी वखारीत गेली. क्वार्तारारो वरच्या वर्गात आला तेव्हापासून यामाहाखेरीज दुसऱ्या कुठल्याच गाडीवर शर्यत पळालेला नव्हता. गाडीवरची निळी रंगसंगती आणि नाव तेच राहिलं. ब्रेक कुठे सोडायचा, हे मात्र त्याला प्रत्येक ट्रॅकच्या प्रत्येक वळणावर नव्याने शोधावं लागणार होतं.