गोडी वेगळी, चटक वेगळी

‘मॉन्युमेंट व्हॅली’ या गेमला मार्च २०१५ मध्ये बाफ्टाचा मोबाइल गेमसाठीचा पुरस्कार मिळाला. त्याच्या चारच महिने आधी ॲप स्टोअरवर याच गेमला लोक चिडून एकेक तारा देत होते. लंडनच्या ‘अस-टू’ कंपनीने गेममध्ये आठ नव्या लेव्हल आणल्या आणि त्यांचे दोन डॉलर मागितले. मूळ गेम विकत घेतलेल्या काही जणांना हे जाचक वाटलं आणि त्यांनी राग ताऱ्यांवर काढला. गेममध्ये काहीच बिघडलं नव्हतं. डोळ्यांना चकवणारे जिने, बोटाने फिरवताच नवी वाट दाखवणारे मनोरे, सगळं होतं तिथेच होतं.

गेमची पारख ताऱ्यांवरून करू नये, याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल. डाऊनलोडचा आकडाही फारसा कामाचा नाही. गेम किती फोनांत पोहोचला एवढंच त्यावरून कळतं, खेळताना काय वाटतं ते कळत नाही. मग पारख करायची कशावरून?

सुरुवात बोटापासून करावी. फिनलंडच्या ‘रोव्हिओ’ने आधी पन्नासहून अधिक गेम केले होते. नाव झालं ते डिसेंबर २००९ मध्ये आलेल्या ‘अँग्री बर्ड्स’ने. त्यात गलोल बोटाने मागे ओढायची. रबर ताणलं जातं, करकरतं, आणि बोट उचललं की पक्षी सुटतो. नेम चुकला तरी पक्षी ज्या वाटेने गेला तिच्यावरचे ठिपके पडद्यावर तसेच राहतात. पुढच्या वेळी गलोल थोडी खाली धरायची की थोडी जास्त ओढायची, हे त्या ठिपक्यांवरून ठरवता येतं. चूक झाली, ती दिसली, ती सुधारायची संधीही लगेच मिळाली. ‘अजून एकदा’ असं वाटण्याचं कारण इथे खेळातच आहे, आणि चांगल्या गेमची ही पहिली खूण.

त्यासाठी गेमने बोटाला ताबडतोब उत्तर दिलं पाहिजे. सेकंदाला साठ चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये एका चित्राच्या वाट्याला १७ मिलिसेकंदही येत नाहीत. ही लय बिघडली की खेळणाऱ्याला नेमकं कारण सांगता येत नाही, पण ‘हात बसत नाही’ असं तो लगेच म्हणतो. चित्रं कितीही देखणी असोत, हात बसत नसेल तर गेम फसला.

पण बोटाची परीक्षा पास झाली म्हणजे गेम चांगला, असंही नाही. इथे २०१४ च्या वसंतातली एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. ॲशर व्होल्मर, ग्रेग वोलवेंड आणि संगीतकार जिमी हिन्सन यांचा ‘थ्रीज’ त्या फेब्रुवारीत आला. चार बाय चारचा पट, त्यावर आकड्यांच्या फरश्या. निळा एक आणि लाल दोन जोडले की तीन होतात. पुढे तीनाला तीन, सहाला सहा. एका सरकवणीत फरशी एकच घर हलते. पुढची फरशी कोणती येणार याची चाहूल वर दिसते. बोट अर्धवट सरकवून काय काय हलणार ते पाहता येतं, आणि मन बदललं तर मागेही घेता येतं. एवढ्या साध्या दिसणाऱ्या खेळावर त्यांनी वर्षाहून अधिक काळ घालवला होता.

मार्चमध्ये गॅब्रिएल चिरुली या १९ वर्षांच्या इटालियन तरुणाने ‘२०४८’ लिहून काढला, तोही शनिवार-रविवारच्या सुट्टीत. ‘थ्रीज’ला पैसे पडत होते, हा फुकट होता, आणि कोणालाही उचलून बदलता येईल असा खुला. पाहता पाहता तो जगभर पसरला. त्यात फरशी एका झटक्यात थेट कडेपर्यंत घसरते आणि नवीन येते ती दोनाची किंवा क्वचित चाराची. त्यामुळे मोठा आकडा एका कोपऱ्यात धरून ठेवायचा आणि दोनच दिशांना भराभर सरकवत राहायचं, या युक्तीवर बरंच पुढे जाता येतं. ‘थ्रीज’मध्ये असं आंधळेपणाने सरकवत राहिलं तर पट लवकरच गच्च भरतो आणि डाव संपतो.

लोकांनी ‘२०४८’ निवडला यात त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही. तो फुकट आहे, सोपा आहे, आणि आकडे दुप्पट होताना पाहण्यात मजा आहेच. पण दोन्ही गेम महिनाभर खेळून पाहावेत. ‘२०४८’ची युक्ती एकदा हाती लागली की बोट चालतं आणि डोकं थांबतं. ‘थ्रीज’ महिन्यानंतरही विचार करायला लावतो. ओढ आणि गुणवत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ओढ मोजणं सोपं असल्यामुळे सगळे तीच मोजतात.

उद्योगाचा हिशेबही असाच चालतो. गेम घेतलेल्यांपैकी किती जण दुसऱ्या दिवशी परतले, किती सातव्या, किती तिसाव्या? ‘रिटेन्शन’चे हे आकडे कंपन्या रोज पाहतात. या मापाने ‘फ्लॉरेन्स’ नापासच ठरेल, कारण तो अर्ध्या-पाऊण तासात संपतो. ‘मॉन्युमेंट व्हॅली’चे मुख्य रचनाकार केन वाँग यांनी पुढे मेलबर्नमध्ये ‘माउंटन्स’ हा स्टुडिओ काढला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये हा गेम आणला. फ्लॉरेन्स नावाची तरुणी आणि क्रिश नावाचा भारतीय वंशाचा चेलोवादक यांची ही प्रेमकथा. पहिल्या भेटीत फ्लॉरेन्सला बोलायचं असतं तेव्हा खेळणाऱ्याला चित्रकोड्याचे तुकडे जोडावे लागतात, आणि तुकडे बरेच असतात. ओळख वाढत जाते तसे तुकडे कमी होतात. शेवटी एकेकच जोडायचा उरतो, बोलणं सहज होतं. पुढे दोघांचं भांडण होतं तेव्हा तुकड्यांच्या गोल कडा जाऊन टोकदार कडा येतात. एक शब्दही न लिहिता हे सगळं बोटांना कळतं. कादंबरीला किंवा सिनेमाला हे अशा रीतीने करता आलं नसतं, ते फक्त गेमलाच जमतं. २०१९ चा मोबाइल गेमचा बाफ्टा ‘फ्लॉरेन्स’ला मिळाला, तो अगदी योग्य होता.

दुसऱ्या टोकाला घड्याळ आणि पाकीट यांच्यावर उभे राहिलेले गेम आहेत. ‘कँडी क्रश सागा’त पाच जीव मिळतात, ते संपले की अर्ध्या तासाला एक परत येतो. थांबा, मित्रांकडे मागा, नाहीतर पैसे मोजा. हा गेम वाईट बांधलेला नाही. गोळ्या फुटताना एकातून दुसरी साखळी लागते तिचा आनंद खरा आहे. पण तो अर्धा तास खेळाचा भाग नाही, तो पैसे काढायला ठेवलेला आहे, आणि पारख करताना त्याचे गुण कापलेच पाहिजेत. ‘होमस्केप्स’च्या जाहिरातींत खिळे ओढून माणसाला वाचवण्याची कोडी दिसत. गेम उतरवून पाहावा तर आत मुख्यतः एकसारखे तीन जुळवण्याचाच खेळ. ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने २०२० मध्ये या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या. ‘फोर्टनाइट’च्या एपिक कंपनीचं प्रकरण तर याहून गंभीर होतं. एक बटण चुकून दाबलं तरी खरेदी होईल, अशी बटणांची मांडणी असल्याचा ठपका अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवला. डिसेंबर २०२२ च्या तडजोडीत खेळणाऱ्यांना परत देण्यासाठी २४.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. इतक्या नामांकित गेममध्ये मुलांच्या बोटांवर असा सापळा लावला जातो, हे संतापजनक आहे.

आणि महाराष्ट्रातला ‘लुडो किंग’? नवी मुंबईच्या ‘गेमशन’ कंपनीचा, विकास जयस्वाल यांनी २०१६ मध्ये आणलेला हा गेम दिसायला भडक आहे, जाहिराती भरपूर आहेत. रचनेची बक्षिसं त्याला कोणी देणार नाही. तरीही त्याला कमी लेखणं चूक ठरेल. तो स्वस्त फोनवर चालतो, इंटरनेट नसलं तरी चालतो, एकच फोन हातोहात फिरवून घरातले चौघं खेळू शकतात, आणि आजीला नियम शिकवावे लागत नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत वेगवेगळ्या शहरांत अडकलेली कुटुंबं त्यावर एकत्र बसली, ती त्यामुळेच. कोणासाठी, कोणत्या फोनवर आणि कोणाबरोबर, हे न विचारता केलेली पारख अपुरीच राहते.

गेम उतरवण्याआधी म्हणून दोन-तीन गोष्टी जरूर पाहाव्यात. प्ले स्टोअरवर गेमच्या माहितीत आतल्या खरेदीच्या किमती दिलेल्या असतात. त्यातला वरचा आकडा हजारांत असेल तर कंपनीची नजर कशावर आहे ते समजावं. पाच तारे आणि एक तारा सोडून द्यावा. दोन आणि तीन तारे देणाऱ्यांची ताजी मतं वाचावीत, कारण तिथे माणसं कारणं देतात. मग अर्धा तास खेळून पाहावं आणि त्यातला किती वेळ खेळात गेला, किती जाहिराती, बक्षिसांच्या पेट्या आणि ‘आत्ताच घ्या’च्या पाट्या बंद करण्यात गेला, ते मोजावं. मुलांच्या हाती गेम देण्याआधी हा अर्धा तास आई-वडिलांनी स्वतः खेळावा, आणि खरेदीला पासवर्ड लावूनच फोन द्यावा.