सराव पेपर : किती कामाचे?

एम-थ्रीला केटी लागली तेव्हा रूमवर म्हणालो, “अरे, अभ्यास तर केला होता!” पण केलं होतं ते नुसतं वाचन. सोडवलेली लाप्लासची गणितं डोळ्यांखालून घातली की सगळं येतंय असं वाटतं. कोऱ्या कागदावर मात्र पहिली स्टेपच सुचत नाही.

२००६ साली रोडिगर व कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. आठवड्याने मात्र न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. गणितात मलाही तेच दिसलं. पुढच्या वेळी घड्याळ लावून जुने पेपर सोडवले, चुकलेली गणितं दोन दिवसांनी परत केली. केटी सुटली.

पण मित्रांनो, जो टॉपिक मुळात समजलाच नाही, तो दहा पेपर सोडवूनही येत नाही. तिथे आधी सरांना गाठा!