खाऱ्या पाण्यातला फेस

पहाटेच्या भरतीला खडकावर जाऊन बसणारा किंवा लहान होडीतून किनाऱ्यालगत गळ सोडणारा हौशी मासेमार दिवसभर दोन प्रकारच्या पाण्यांच्या सोबतीत असतो. एक, नजर पोहोचेल तिथवर पसरलेले खारे पाणी. आणि दुसरे, घरून डब्यात भरून आणलेले चार-पाच लिटर गोडे पाणी. आमिषासाठी कोळंबी किंवा तारली कापावी लागते, गळाला लागलेला बांगडा सोडवावा लागतो. खवले आणि बुळबुळीत स्राव यांनी हात माखतात. नेहमीची साबणवडी समुद्राच्या पाण्यात चोळली, तर फेसाऐवजी हाताला पांढरट, चिकट थर तेवढा लागतो. मग नाइलाजाने पिण्याचे पाणी हात धुण्यात खर्ची पडते आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत डबा रिकामा होतो.

या अडचणीवरचा उपाय किनाऱ्यावरच, नारळाच्या झाडावर लटकलेला आहे. शुद्ध खोबरेल तेलापासून केलेला साबण खाऱ्या पाण्यातही फेस देतो. जहाजांवर गोडे पाणी जपून वापरावे लागे, त्या काळात खलाशांना असाच साबण दिला जाई. थोडी काळजी घेतली, तर तो घरीही करता येतो.

साबण का रुसतो?

तेल अथवा चरबी यांची अल्कलीशी रासायनिक क्रिया झाली की साबण आणि ग्लिसरीन तयार होते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांनी १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या क्रियेचा उलगडा केला. साबण म्हणजे मेदाम्लांचे क्षार. चरबी किंवा पामतेल यांपासून केलेल्या साबणात लांब साखळीची मेदाम्ले अधिक असतात आणि त्यांचे क्षार मिठाच्या पाण्यात विरघळून राहत नाहीत. साबण कारखान्यांच्या जुन्या पद्धतीत उकळत्या मिश्रणात मीठ टाकून साबण वेगळा काढतात, तो याच गुणामुळे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे तिथे हीच क्रिया आपोआप घडते. शिवाय त्या पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून चिकट साका तयार करतात.

खोबरेल तेलात मात्र जवळजवळ निम्मे मेदाम्ल लॉरिक आम्लाच्या रूपात असते. त्याची साखळी बारा कार्बन अणूंची, म्हणजे तुलनेने आखूड. तिच्यापासून झालेला साबण मिठाला सहज दाद देत नाही. थोडा साका याही साबणाचा होतो आणि फेसही गोड्या पाण्याइतका येत नाही; परंतु हात स्वच्छ होतात. घरी खात्री करून पाहायची असल्यास लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवावे आणि दोन्ही प्रकारच्या वड्या त्यात चोळून पाहाव्यात. फरक लगेच दिसतो.

जिथे नारळ आणि मासा सोबती आहेत

कोकणपट्टी, गोवा, केरळ, अंदमान अशा सर्व किनाऱ्यांवर नारळ आणि मासेमारी हातात हात घालून नांदतात. त्यांत लक्षद्वीपचे उदाहरण विशेष बोलके आहे. तेथे नदी नाही. पावसाचे मुरलेले गोडे पाणी जमिनीखालील खाऱ्या पाण्यावर पातळ थराच्या रूपाने तरंगत असते. कवरत्ती बेटावर २००५ साली समुद्राचे पाणी गोडे करणारा, दिवसाला एक लाख लिटर क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला, यावरून तेथील पाण्याचे मोल कळावे. याच द्वीपसमूहातील मिनिकॉय येथे काठीला दोर व गळ बांधून कुप्पा अर्थात ट्यूना पकडण्याची जुनी परंपरा आहे. नारळ मुबलक, मासळी मुबलक आणि गोडे पाणी मोजके, अशा ठिकाणी खोबरेलाच्या साबणाची उपयुक्तता वेगळी सांगावी लागत नाही.

घरी साबण करताना

साहित्य मोजके आहे : शुद्ध खोबरेल तेल ५०० ग्रॅम, शुद्धतेची खात्री असलेला कॉस्टिक सोडा म्हणजेच सोडियम हायड्रॉक्साइड ८५ ग्रॅम आणि शुद्धोदक १७० ग्रॅम. मोरी साफ करण्यासाठी मिळणारी मिश्र पावडर चालत नाही. सर्व वस्तू वजनानेच घ्याव्यात. तेल मापाने घेतल्यास घात होतो. कारण ५०० मिलिलिटर खोबरेल वजनाला सुमारे ४६० ग्रॅमच भरते. मग सोडा जास्त होऊन साबण त्वचेला भाजतो. वरील प्रमाणात थोडे तेल मुद्दाम शिल्लक राहते आणि तेच हाताचे रक्षण करते.

कॉस्टिक सोडा हा खेळण्याचा पदार्थ नाही. डोळ्यांवर चष्मा, हातांत रबरी मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे आणि खिडक्या उघड्या असणे आवश्यक आहे. मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये. भांडे स्टीलचे घ्यावे. ॲल्युमिनियमशी सोड्याची क्रिया होऊन ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो. सोडा नेहमी पाण्यात थोडा थोडा टाकावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, ते उसळते. द्रावण आपोआप कढत होते, त्याची वाफ श्वासात जाऊ देऊ नये. त्वचेवर थेंब उडाल्यास भरपूर वाहत्या पाण्याने धुवावे. डोळ्यात गेल्यास किमान १५ ते २० मिनिटे धुवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

द्रावण आणि तेल दोन्ही साधारण ४० ते ४५ अंश सेल्सिअसवर आल्यावर द्रावण तेलात बारीक धारेने सोडून घोटावे. मिश्रण दाट कढीसारखे झाले आणि वरून सोडलेली रेघ क्षणभर टिकली, की ते साच्यात ओतावे. खवले निघावेत यासाठी वाळवलेला कॉफीचा चोथा दोन चमचे मिसळता येतो. खोबरेलाचा साबण लवकर आणि फार कडक होतो. म्हणून दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता, घट्ट होताच मोजे घालूनच वड्या कापाव्यात. हवेशीर जागी चार आठवडे मुरल्यावर त्या वापरण्याजोग्या होतात. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. पण चांगल्या साबणानेही तो होतोच, त्यामुळे ती परीक्षा पुरेशी नाही. खरा भरवसा वजनकाट्याचाच.

वास आणि आमिष

समुद्री माशाचा वास मुख्यतः ट्रायमिथिलअमाइन या अल्कधर्मी पदार्थाचा. त्यावर आम्लाचा उतारा चालतो. कोकणातील गृहिणी मासळीला कोकम किंवा चिंच लावतात, त्यामागे हेही शास्त्र आहे. मात्र लिंबाचा रस साबणात घालून उपयोग नाही, सोड्याशी संयोग होऊन त्याचे आम्लपण नाहीसे होते. साबणाने हात धुतल्यावर लिंबाची फोड चोळणे अधिक गुणकारी. हाताला जखम असेल तर मात्र ते टाळावे.

गळकऱ्यांना वासाची दुसरीही काळजी असते. हाताचा वास आमिषाला लागून मासा बिचकतो, असे अनेकांचे मत आहे. १९५६ साली कॅनडातील संशोधकांनी माणसाच्या त्वचेतही आढळणारे सेरिन हे अमिनो आम्ल सॅमन माशांना परावृत्त करते, असे दाखवले होते. सर्व माशांना हा निष्कर्ष लागू करता येणार नाही. तरी आमिषाला हात लावण्यापूर्वी पेट्रोल आणि उग्र अत्तर धुऊन टाकणे शहाणपणाचे. म्हणून हा साबण बिनवासाचाच ठेवणे उत्तम.

विक्रीचा विचार

घरच्यापुरत्या वड्या करणे निराळे आणि बाजारात विकणे निराळे. विक्रीसाठी साबण करावयाचा झाल्यास सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० अन्वये परवाना लागतो. नाबार्डने १९९२ साली बचत गटांना बँकांशी जोडण्याचा उपक्रम सुरू केला, तेव्हापासून अशा लघुउद्योगांना कर्जाची वाट खुली झाली आहे. किनाऱ्यावरील गटाने कर्जाचा अर्ज करण्यापूर्वी परवाना, कच्च्या मालाचा खर्च आणि मुरण्याच्या चार आठवड्यांत अडकून राहणारे भांडवल यांचा हिशेब मांडावा.

वाचवलेले पाणी कशासाठी?

शिंगाळ्याचा काटा हातात घुसणे हा गळकऱ्यांचा नेहमीचा अनुभव. समुद्राच्या पाण्यातील काही जिवाणू अशा जखमेतून शरीरात शिरून गंभीर संसर्ग घडवू शकतात. मधुमेही आणि यकृताचे विकार असलेल्यांना धोका अधिक. जखम लगेच साबणाने आणि स्वच्छ गोड्या पाण्याने धुवावी लागते. सूज अथवा ताप दिसल्यास विनाविलंब डॉक्टर गाठावा लागतो. त्या वेळी डब्यात पाणी शिल्लक असले पाहिजे.

रोजचे हात खाऱ्या पाण्यात धुऊन झाल्यावर शेवटी गोड्या पाण्याचा एक पेला पुरतो. उरलेले पाणी तहानेसाठी आणि अडचणीच्या घटकेसाठी राखून ठेवता येते. अडीअडचणीसाठी गाठीला चार पैसे राखणाऱ्या माणसाला या डब्यातल्या बचतीचे मोल निराळे सांगायला नको.